स्प्लेंडरचा कार्बोरेटर घरी खोलून साफ केला, आता ओव्हरफ्लो थांबत नाही आणि रेस पण एका जागी राहत नाही

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, 2005 चं मॉडेल, शोरूममधून काढल्यापासून माझ्याकडंच आहे आणि फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी असं रोजचं येणंजाणं हिच्यावरच चालतं.

पाऊस सुरू झाल्यापासून त्रास सुरू झाला. सिग्नलला रेस सोडली की बंद पडायची, चोक ओढला की चालू राहायची, हायवेला मात्र काही तक्रार नाही. ज्या गॅरेजला नेहमी जायचो तिथं आता सगळं काम इंजेक्शनच्या गाड्यांचं, कार्बोरेटर म्हटलं की कोणी त्याची वाटी (खालचा पेट्रोल साठायचा भाग) खोलायला पण तयार नाही, थेट नवीन टाका म्हणतात. जी वस्तू एवढी वर्षं नीट चालली ती आत घाण अडकली म्हणून फेकून द्यायची हे मला पटत नाही, म्हणून रविवारी घराच्या मागच्या अंगणात खोलायला घेतला.

पहिला अडथळा वाटीच्या स्क्रूंचा. बाकीचे निघाले, एक मात्र जागचा हलेना, फुली झिजायला लागली तसं थांबलो, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हॅक्सॉनं खाच पाडून मोठ्या चपट्या ड्रायव्हरनं काढला. वाटीच्या तळाला पांढरट-हिरवट दाणेदार थर होता, नखानं खरवडला तर भुकटी व्हायचा. पायलट जेट (रेस सोडल्यावर पेट्रोल पुरवणारी बारीक भोकाची नळी) उजेडासमोर धरली तर पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. स्प्रे मारून, वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवून मोकळी केली, आता गोल उजेड स्पष्ट दिसतो.

बाजारातून रिपेअर किट आणलं, नवीन फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या तुकड्याची) पिन, पॅकिंग, ओ-रिंग सगळं घालून बसवलं. आणि आता पेट्रोलचा कॉक चालू केला की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पेट्रोल टपटप गळायला लागतं. गाडी चालू होते खरं रेस कधी आपोआप वर जाते कधी खाली येते. जुनी पिन परत घालून बघितली, गळणं कमी झालं पण थांबलं नाही.

जाणकारांनी सांगा कुठून सुरुवात करू. कार्ब बदलायचा नाही हे ठरलंय.

पेठेतला_गडी

भावा बाकी सगळं नंतर, आधी कॉक बंद ठेव आणि गळती थांबंपर्यंत गाडी घरात, जिन्याखाली लावू नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असती, जमिनीलगत पसरत जाती. मागच्या अंगणात गॅस गिझर असला किंवा तुळशीजवळ दिवा लावत असशील तर तिथं वाटी खोलूच नको. आमच्या गल्लीत असाच भडका उडालाय, माणसं वाचली गाडी गेली.

फुलेवाडीकर

गिझर पुढच्या बाजूला आहे, दिवा मात्र आई लावते, तिला सांगून ठेवतो. धन्यवाद भावा.

जुना_फिटर

फुलेवाडीकर, तुम्ही जुनी पिन घालून बघितलीत आणि इथं लिहिलंत हे फार कामाचं आहे, त्यातच निम्मं उत्तर आहे.

कार्बोरेटर खोलला की लोकांचं सगळं लक्ष जेटवर. जेट साफ झाली की काम झालं असं वाटतं. पण कार्बोरेटरचं पहिलं काम वाटीत पेट्रोल एका ठरावीक उंचीवर धरून ठेवायचं. ती उंची चुकली की तुम्ही जेट कितीही चकाचक करा, स्क्रू कितीही फिरवा, गाडी सेट होणार नाही. त्यामुळं आत्ता हवेच्या स्क्रूला हात लावू नका. आधी पातळी, मग हवेची गळती, मग जेट, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

आता पिनेकडं. जुन्या पिनेचं टोक भिंगाखाली बघा, रबरी टोकाला गोल खाच पडलेली दिसेल. इतकी वर्षं एकाच जागी बसून पडते ती. त्या खाचेतून थेंब थेंब झिरपतं. म्हणून जुनी घातल्यावर गळणं कमी झालं, थांबलं नाही.

नवीन पिन आणि जुनी पिन शेजारी ठेवून व्हर्नियरनं मोजा. किटमधली पिन अर्धा मिलिमीटर जरी आखूड असली तरी घोटाळा होतो. फ्लोटची जीभ बिजागरीच्या अगदी जवळ असते आणि फ्लोट लांब, म्हणजे पिनेकडं अर्धा मिलिमीटर म्हणजे फ्लोटच्या टोकाला कितीतरी जास्त. पिन आखूड पडली तर ती भोक बंद करायच्या आधी फ्लोटला जास्त वर यावं लागतं, तोवर पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीच्या वर गेलेलं असतं. लांब पडली तर उलटं, पातळी खाली राहते, गाडी चढाला दम सोडते.

पातळी बघायची सोपी पद्धत. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणा. वाटीच्या ड्रेनच्या तोंडाला ती लावा, वर वळवून कार्बोरेटरच्या अंगाला लावून धरा, गाडी मेन स्टँडवर सपाट जागी, ड्रेनचा स्क्रू थोडा सैल करा आणि कॉक चालू करा. वाटीत जेवढं पेट्रोल तेवढंच नळीत दिसणार. वाटी आणि बॉडीच्या जोडाच्या खाली थांबलं पाहिजे. नक्की किती खाली ते मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

अजून एक, हे विसरू नका. ऑइलची पट्टी बाहेर काढून वास घ्या. ओव्हरफ्लोची नळी अर्धवट तुंबली असली तर जास्तीचं पेट्रोल इनलेटमधून सिलेंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये जातं. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ते ऑइल लगेच काढायचं. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर कार्बोरेटरच्या नादात इंजिन जाईल.

फुलेवाडीकर

काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. किटमधली पिन जुनीपेक्षा आखूड आहे, डोळ्यालाही कळते शेजारी ठेवली की. जुनीच्या टोकाला खाच आहे, भिंगाची पण गरज पडली नाही, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी दिसली.

आणि ऑइलला वास येतोय. पट्टीवर वरच्या खुणेच्या पुढं गेलंय. मी हे बघितलंच नसतं. आजच काढून टाकतो.

पेठेतला_गडी

काढलेलं ऑइल आणि वाटीतलं पेट्रोल गटारात ओतू नको, तिथनं जयंती नाला आणि नाल्यातनं पंचगंगा. ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे, ते जुनं ऑइल गोळा करत्यात.

पल्सरवाली

वाचतेय आणि माझ्या पल्सर 150 ची आठवण येतेय. तिचा कार्ब सीव्ही प्रकारचा, म्हणजे केबलनं स्लाइड (हवेची वाट उघडणारा दट्ट्या) थेट वर जात नाही, केबल फक्त बटरफ्लाय (फिरणारी चकती) फिरवते आणि स्लाइड व्हॅक्यूमवर वर जाते, वर एक पातळ रबरी पडदा असतो त्याला डायफ्राम म्हणतात. ज्यांच्याकडं अशा गाड्या आहेत त्यांच्यासाठी लिहिते, कारण स्प्लेंडरचे व्हिडिओ बघून सीव्ही कार्ब खोलला तर पार्ट खराब होतात.

कार्ब क्लीनरचा स्प्रे डायफ्रामवर पडू द्यायचा नाही. माझ्यावेळी त्याचे दोन थेंब उडाले आणि रबर फुगून झाकणाच्या खाचेत बसेना. दुकानदार म्हणाला नवीन घ्या, पण मी ते तसंच सावलीत उघड्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते आकसून जागेवर आलं. त्यामुळं फुगलं म्हणून लगेच फेकू नका. फाटलं असेल तर मात्र बदलायलाच लागतं. उजेडासमोर ताणून धरायचं, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी अर्ध्या थ्रॉटलच्या पुढं गाडी ओढत नाही.

दुसरं म्हणजे मिक्स्चर स्क्रू. तो पूर्ण काढला की मागोमाग स्प्रिंग येते, पण त्याच्या आत एक पातळ वायसर आणि त्याच्याही आत एक बारकी ओ-रिंग असते, ती दोन्ही भोकातच चिकटून राहतात. आता तुम्ही पंक्चरच्या दुकानात जाऊन कंप्रेसरची हवा मारली की ती दोन्ही रस्त्यावर. सापडत नाहीत. वाकवलेल्या तारेनं किंवा टूथपिकनं आधी ती बाहेर काढायची, मग हवा. आणि डायफ्राम आत असताना कंप्रेसर लावायचाच नाही, फुटतो.

स्क्रू काढायच्या आधी तो आत पूर्ण किती फेरे जातो ते मोजून वहीत लिहून ठेवा, आणि शेवटी टेकवताना जोर लावू नका. स्क्रूचं टोक सुईसारखं असतं, बॉडी मऊ धातूची, जोर दिला तर टोकाची खूण कायमची पडते.

जुना_फिटर

पल्सरवाली ताई, वायसर आणि ओ-रिंगचं तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांच्या पण हातून ते हरवतं आणि मग गाडीवाल्याला सांगतात कार्ब खराब झाला.

ऊसपट्टा

हे सगळं इथेनॉलमुळं होतंय. तळाला पांढरा-हिरवा थर म्हणजे इथेनॉलच. 6 फेब्रुवारी 2023 ला ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सुरू झालं तेव्हापासून जुन्या गाड्यांची वाट लागली. आमच्या घरात ऊस आहे, कारखान्याला जातो, इथेनॉल झालं तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतात हे मला मान्य आहे, पण 2005 च्या गाडीचा कोणी विचार केला नाही.

जुना_फिटर

ऊसपट्टा, तुमचा मुद्दा बराचसा बरोबर आहे, पण थोडं नीट मांडू.

इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत हवेतली ओल असतेच, आपल्याकडं जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. इथेनॉल ती ओल आपल्यात घेतं आणि पाणी एका मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बोरेटरची बॉडी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, जेट पितळी. तळाला बसलेलं ते पाणी या धातूंना खातं आणि मग तसा थर जमतो. म्हणजे थर हा नुसता इथेनॉलचा नाही, पाण्यानं गंजल्याचा आहे, इथेनॉलनं ते पाणी आत आणलं. पूर्वी नुसतं पेट्रोल होतं तेव्हा पण उभ्या गाडीत तपकिरी चिकट लाखेसारखा थर जमायचा आणि जेट बंद व्हायची, तेव्हा पण आम्हाला काम होतंच.

दुसरा भाग मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच. 20 टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरला सेन्सर नाही, त्याची जेट जेवढं सोडते तेवढंच सोडते, म्हणून जुनी गाडी थोडी लीन, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी अशी, चालते. थंडीत चोक जास्त वेळ लागतो, रेस सोडताना सायलेन्सरमधून फट फट आवाज येतो. मिक्स्चर थोडं रिच केलं, म्हणजे पेट्रोल वाढवलं, आणि ज्यांच्या नीडलला (स्लाइडखालच्या सुईला) खाचा आहेत त्यांनी क्लिप एक खाच खाली घालून नीडल वर उचलली की बरंच सुधारतं.

तिसरं रबर. जुन्या ओ-रिंग आणि पेट्रोलच्या नळ्या फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांना तसं साहित्य वापरलेलं असतं, आपल्या गाड्यांना नाही. नळी वर्षातून एकदा वाकवून बघा, चिरा दिसल्या की बदला. ती स्वस्त आहे.

ऊसपट्टा

एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं काका. थोडं रिच करून बघतो.

फुलेवाडीकर

अपडेट. मूळ कंपनीची पिन मागवली, ती जुनीच्या मापाची आली. बसवायच्या आधी पिन जिथं टेकते ती पितळी बैठक इअरबडला पितळ पुसायचं पॉलिश लावून हलक्या हातानं फिरवून साफ केली, नंतर पेट्रोलनं धुतली. सलाईनच्या नळीनं पातळी बघितली, जोडाच्या खाली व्यवस्थित थांबते. रात्रभर कॉक चालू ठेवून ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली कागद ठेवला होता, सकाळी कोरडा. ऑइल बदललं.

ओव्हरफ्लोचा विषय संपला. रेसचा मात्र तसाच आहे. गाडी गरम झाली की आपोआप रेस वाढते, मग खाली येते, परत वाढते. सिग्नलला बंद पडत नाही आता, पण लोक वळून बघतात की हा रेस का देतोय.

गगनबावडा_राइडर

स्लाइड उलटी बसली असेल काय? स्लाइडच्या खालच्या कडेला एका बाजूला कापलेला भाग असतो, तो एअर फिल्टरकडं यायला पाहिजे.

फुलेवाडीकर

ते बघितलं, बरोबर बसलीय. बॉडीतली पिन स्लाइडच्या उभ्या खाचेत आली की मगच ती खाली जाते. केबलला मोकळी चाल पण आहे, हँडल डावी-उजवीकडं फिरवलं तर रेस बदलत नाही.

उद्यमनगर_लेथ

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, कार्बोरेटरमधलं मला काका एवढं कळत नाही, पण रेस गरम झाल्यावर वाढते म्हटल्यावर मी सांगू शकतो, हवा कुठूनतरी चोरून आत येतेय. आणि स्प्लेंडरसारख्या गाडीत ती जागा नव्वद टक्के वेळा एकच, कार्ब जिथं इनलेट पाइपाला दोन बोल्टनी आवळतो ती फ्लँज.

का, तर ती फ्लँज मऊ धातूची आणि बोल्ट दोन टोकांना, मध्ये ओ-रिंग. इतक्या वर्षांत ज्यानं ज्यानं कार्ब काढला त्यानं बसवताना दोन्ही बोल्ट अजून घट्ट, अजून घट्ट असं आवळलेलं असतं. त्यानं दोन्ही कान पुढं वाकतात आणि मध्यभाग मागं राहतो, फ्लँज सपाट राहत नाही. ओ-रिंग नवीन घातली तरी ती मध्ये दाबलीच जात नाही. गार असताना कशीबशी चालते, गरम झाली की फट उघडते.

बघायचं कसं. गाडी चालू असताना त्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं थोडं सोड. रेस एकदम खाली आली किंवा बदलली तर गळती तिथंच. मग कार्ब काढ, फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धर आणि मागनं टॉर्च मार. पट्टीच्या खालनं उजेड दिसला म्हणजे वाकलीय.

सरळ करायला खर्च नाही. जाड काचेचा तुकडा घे, जुन्या शोकेसची काच चालती, तिच्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर पसर, थोडं पाणी किंवा रॉकेल टाक आणि फ्लँज त्यावर आठच्या आकारात फिरव. जोर द्यायचा नाही, हाताच्या वजनानंच. दर थोड्या वेळानं उलटून बघ, आधी दोन कानांनाच चमक येईल, मग हळूहळू मध्यापर्यंत चमक पोचली की थांब. खाचेची खोली फार कमी करायची नाही नाहीतर ओ-रिंग जास्त दाबली जाईल. नंतर 600 नं गुळगुळीत कर आणि बॉडीतले सगळे रस्ते पेट्रोलनं धुऊन घे, पेपरची कणी आत राहिली की परत जेट बंद.

बसवताना 10 च्या लहान पान्यानं, एकदा हा बोल्ट एकदा तो, थोडं थोडं. लांब पाना घेऊच नको.

आणि तो वाटीचा स्क्रू खाच पाडून काढलास ना, तसलाच परत घालू नको. एम4 चे ॲलन स्क्रू मिळतात, लांबी मोजून घे, सगळे तेच घाल. आपल्या गाड्यांच्या जपानी कार्बवरची फुली आपल्या बाजारातल्या ड्रायव्हरच्या फुलीपेक्षा वेगळ्या मापाची असते, म्हणून तो वर सरकून डोकं खातो, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. आटे गेले असले तर माझ्याकडं ये, टॅप फिरवून देतो, त्याला काही लागत नाही.

फुलेवाडीकर

भावा साबणाचं पाणी सोडलं आणि रेस लगेच खाली आली. कार्ब काढून पट्टी धरली, मध्ये उजेड दिसतोय. आज काचेवर घासायला बसतो.

आरएक्स_इचलकरंजी

हे सगळं माझ्या आरएक्स 100 साठी वाचतोय. टू स्ट्रोकवाल्यांनी फ्लँजची गळती अजिबात हलक्यात घेऊ नका. फोर स्ट्रोकला चोरटी हवा लागली की रेस वाढते एवढंच, टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, त्यामुळं लीन झाली की गरमी वाढते आणि वंगण पण कमी पडतं, पिस्टन सीझ होतो, म्हणजे जाम होतो. सांगली रोडला फुल थ्रॉटलला माझ्या मित्राची अशीच धरली.

एक विचारायचं होतं, हवेचा स्क्रू आत फिरवला की रिच होतं का लीन? एकजण म्हणतो आत म्हणजे रिच, दुसरा म्हणतो आत म्हणजे लीन.

जुना_फिटर

दोघंही बरोबर असू शकतात, गाडीवर अवलंबून आहे. स्क्रू कुठं आहे ते बघा. स्लाइडच्या आणि एअर फिल्टरच्या मध्ये असेल तर तो हवा सोडतो. आत फिरवला की हवा कमी, म्हणजे रिच. तुमच्या आरएक्सचा तसाच आहे. स्लाइडच्या आणि इंजिनच्या मध्ये असेल तर तो पेट्रोलचं मिश्रण सोडतो. आत फिरवला की मिश्रण कमी, म्हणजे लीन. पल्सरवाली ताईंच्या गाडीचा असा. एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं फिरवला की सगळं उलटं होतं, आणि या एका गोष्टीवरून किती गाड्या माझ्याकडं परत आलेल्या आठवतात.

सेट करायचं ते गाडी चांगली गरम झाल्यावर, चार-पाच किलोमीटर फिरवून आल्यावरच. आधी रेसचा स्क्रू थोडा वर ठेवायचा. मग हवेचा किंवा मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवायचा, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थोडं थांबायचं, इंजिनला कळायला वेळ लागतो. ज्या जागी रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी येते ती जागा. मग रेसचा स्क्रू खाली आणायचा. नंतर झटकन रेस देऊन सोडायची, अडखळली नाही आणि सोडल्यावर वर अडकली नाही की झालं.

गगनबावडा_राइडर

काका, मी दर पावसाळ्यात पन्हाळा आणि गगनबावडा करतो, करूळ घाटानं खाली कोकणात पण उतरतो. चढाला जेट बदलायला लागती का? एका ग्रुपवर सांगत होते.

जुना_फिटर

नाही. 100 मीटर वर गेलं की हवा साधारण 1 टक्का विरळ होते. कोल्हापूर ते पन्हाळा तीन-चारशे मीटरचा फरक, म्हणजे तीन-चार टक्के. कार्बोरेटर एवढं सहन करतो. लडाखला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पन्हाळ्याला चढताना प्लग काळा पडत असेल तर एअर फिल्टर बघा, पावसात ओला झालेला फोम हवा अडवतो.

शाहूपुरी_पूर

माझी गाडी 2019 च्या पुरात आणि परत 2021 ला पाण्याखाली होती. कार्ब कितीही साफ केला तरी पंधरा दिवसांत परत तेच. शेवटी कळलं की कार्बचा काही दोषच नव्हता, टाकीत गंज होता. वाटीत लाल बारीक पीठ सापडत असेल तर कार्ब सोडा आणि टाकीत टॉर्च मारा. मी टाकी उतरवून व्हिनेगर भरून ठेवलं, आत मूठभर नट टाकून हलवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच उन्हात वाळवली आणि थोडं पेट्रोल-ऑइल आत फिरवलं. वाळवायला उशीर केला तर तासाभरात परत लाल होतं.

नळीत फिल्टर लावणार असाल तर जाळीचा लावा. कागदाचा लावला होता तर पेट्रोल नुसतं वजनानं खाली येतं त्यामुळं तो अडवायचा, हायवेला गाडी उपाशी पडायची.

आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक. पुराचा गाळ बसून ते बंद झालं होतं. गाडी थोडी चालायची, मग बंद. झाकण उघडलं की फुस्स आवाज, परत चालू. यासाठी मी कार्ब खोलत बसलो असतो.

पेठेतला_गडी

हे झाकणाचं लई जणांना म्हाईत नसतंय. चांगलं सांगितलंस.

फुलेवाडीकर

मंडळी, गाडी सेट झाली. फ्लँज काचेवर घासायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला, मध्यभागाला चमक येईपर्यंत दोन्ही कान बरेच खाली जायला लागले, म्हणजे किती वाकली होती बघा. नवीन ओ-रिंग, बोल्ट आलटून पालटून. वाटीला एम4 चे ॲलन. एकाचे आटे गेले होते, उद्यमनगर_लेथ यांनी टॅप फिरवून दिला, पैसे घेतले नाहीत, चहा पण त्यांनीच पाजला.

काल ऑफिसला जाऊन आलो. दसरा चौकात सिग्नलला उभी होती, रेस सोडली आणि एकसारखी चालू, साबणाचं पाणी सोडलं तरी बदलत नाही. घरी येऊन प्लग काढला, टोक फिकट तपकिरी. आधी एकदा कोळशासारखा काळा आणि एकदा खडूसारखा पांढरा बघितलाय याच गाडीचा.

जुना_फिटर काकांनी पातळी आधी बघायला सांगितलं नसतं तर मी स्क्रूच फिरवत बसलो असतो आणि शेवटी नवीन कार्ब घेतला असता.

जुना_फिटर

फार बरं वाटलं. प्लगचा तो रंग तसाच राहतो का ते आठ-पंधरा दिवसांनी एकदा बघा.

बावडेकर_दुबई

शेवटचा प्रश्न माझा. मी परत निघालोय, गाडी कसबा बावड्यात घरी सहा-सात महिने उभी राहणार, भाऊ अधूनमधून चालू करतो म्हणतो. कार्बचं काय करून ठेवू?

जुना_फिटर

अधूनमधून दोन मिनिटं चालू करून काही उपयोग नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. कॉक बंद करा, वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत सगळं उतरवून घ्या, बाटली स्थिर ठेवून तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतो का बघा. दिसला तर टाकी पण रिकामी करून वाळवा. नाही दिसला तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, आत हवा राहिली नाही की ओल पण धरत नाही. ड्रेन स्क्रू परत लावा, बॅटरीची वायर काढा. आल्यावर जुनं पेट्रोल आधी काढून टाका, ताजं भरा आणि मगच किक मारा.

बावडेकर_दुबई

उद्याच करतो. ड्रेन स्क्रू चपटा आहे, तो निघेल ना सहज?

उद्यमनगर_लेथ

नाही निघाला तर जोर लावू नको, आदल्या रात्री तेल सोडून ठेव. तरी नाही आला तर सकाळी दुकानात घेऊन ये, नऊला उघडतो.